स्वयंसिंचित कुंडी

स्वयंसिंचित कुंडी : झाडाच्या मुळांना लागणारे पाणी जवळच्या साठ्यातून, मुळांच्या गरजेनुसार, आपोआप मिळत राहील अशी रचना असलेली कुंडी. हा साठा मातीत पुरलेल्या सच्छिद्र मडक्याच्या, कुंडीच्या तळातील टाकीच्या किंवा शेजारी ठेवलेल्या भांड्याच्या स्वरूपात असतो. साठ्यातून मातीकडे पाणी नेण्याचे काम मडक्याची भिंत, कापडी वात अथवा मातीचाच स्तंभ करतो. नळ, पंप अथवा झडप यांची गरज नसल्याने ही कुंडी घरच्या घरी, थोड्या खर्चात तयार करता येते. ‘स्वयंसिंचित’ या शब्दाचा अर्थ पाणी घालावेच लागत नाही असा नसून, रोज घालावे लागत नाही एवढाच आहे.

पार्श्वभूमी : वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा तलावांसाठी प्रसिद्ध आहे. मालगुजारांच्या काळात बांधले गेलेले व ‘मामा तलाव’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे तलाव आणि ते बांधण्यातील कोहळी समाजाचे कौशल्य यांचा उल्लेख जिल्ह्याच्या वर्णनात नेहमी येतो. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर भंडारा जिल्ह्यात भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी हे सात तालुके राहिले. येथे वर्षाकाठी १,२०० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. परंतु त्यातील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. धानाला तो उपयोगी पडतो. एप्रिल व मे महिन्यांत मात्र तापमान ४५° से.च्या आसपास पोहोचते, उथळ विहिरींची पातळी खाली जाते, अनेक लहान तलावांचे तळ उघडे पडतात आणि परसबागेतील झाडांचे पाणी व घरातील पिण्याचे पाणी यांत स्पर्धा सुरू होते. हे पाणी भरण्याचा भार बहुतेक घरी स्त्रियांवर असतो. त्यामुळे एक कुंडी रोज भिजवावी लागते की चार दिवसांनी, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. याच दिवसांत लग्नकार्यासाठी घर आठ-आठ दिवस बंद राहते आणि पावसाळ्यापासून जोपासलेली मिरची, वांगी, कढीपत्ता, लिंबू यांची रोपे परत येईपर्यंत वाळून गेलेली असतात.

इतिहास : जमिनीत मडके पुरून त्यातील पाझरावर पीक घेण्याच्या पद्धतीस घट सिंचन किंवा मटका सिंचन म्हणतात. तिचे जुने लिखित वर्णन चीनमध्ये, इ. स. पू. पहिल्या शतकात फान शंगज याने लिहिलेल्या कृषिग्रंथात मिळते. मूळ ग्रंथ उपलब्ध नसून त्यातील उतारे सहाव्या शतकातील एका चिनी कृषिकोशात टिकून राहिले आहेत. खड्ड्याच्या मध्यभागी मडके पुरावे, त्याचे तोंड जमिनीच्या पातळीवर ठेवावे, ते पाण्याने भरून वर कौल झाकावे व सभोवती खरबूजवर्गीय वेलीचे बी लावावे, असे त्यात सांगितले आहे. लॅटिन अमेरिकेतही ही पद्धत प्रचारात असून तेथे अशा मडक्यास ‘ओया’ म्हणतात. अमेरिकन वनस्पतिशरीरक्रियावैज्ञानिक बर्टन लिव्हिंग्स्टन यांनी १९०८ मध्ये कुंडीतील मातीचा ओलावा स्थिर राखण्यासाठी सच्छिद्र मातीच्या पात्रांचा उपयोग केला. भारतात कर्नाल (हरियाणा) येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेतील आर. सी. मंडल यांनी घट सिंचनाचे प्रयोग करून १९७४ मध्ये त्याविषयी लेखन केले; त्यानंतर या पद्धतीकडे कृषिवैज्ञानिकांचे लक्ष अधिक प्रमाणात वेधले गेले.

महादेवाच्या पिंडीवर टांगण्यात येणारी ‘गळती’ हीदेखील थोडे थोडे पाणी सतत देणारी योजना होय. पण तिचे तत्त्व निराळे आहे. गळतीच्या छिद्रातून पाणी गुरुत्वामुळे ठिबकते व खालची जागा ओली असो वा कोरडी, भांडे रिकामे होईपर्यंत ते ठिबकतच राहते. पुरलेल्या मडक्यातून पाणी किती बाहेर पडावे हे बऱ्याच अंशी भोवतालच्या मातीचा कोरडेपणा ठरवितो. स्वयंसिंचित कुंडीचे वैशिष्ट्य या फरकात आहे.

तत्त्व : कोरड्या मातीच्या कणांमधील सूक्ष्म पोकळ्या पाणी खेचून घेतात. या क्रियेस केशाकर्षण म्हणतात. पोकळी जितकी अरुंद, तितके पाणी अधिक उंच चढते. ०.१ मिमी. व्यासाच्या स्वच्छ नळीत पाणी सु. ३० सेंमी., तर १ मिमी. व्यासाच्या नळीत केवळ ३ सेंमी. चढते. म्हणूनच जाड्या वाळूतून पाणी फारसे वर जात नाही आणि बारीक मातीतून ते वर चढते. मात्र पोकळी फार अरुंद असेल, तर चढण्याचा वेग अतिशय मंद होतो. निव्वळ चिकणमाती कुंडीत निरुपयोगी ठरते ती यामुळे व तिच्यात हवा खेळत नसल्यामुळे.

भाजलेल्या मडक्याच्या भिंतीत असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. मडके पाण्याने भरून पुरले म्हणजे भिंत भिजते व बाहेरची कोरडी माती त्या भिंतीतून पाणी ओढू लागते. माती ओली होत गेली की तिची ओढ कमी होते व पाझर मंदावतो. मुळांनी पाणी शोषून घेतले की ओढ पुन्हा वाढते. मातीच्या ओलाव्याचा ताण मोजणाऱ्या ताणमापी या उपकरणातही सच्छिद्र मृत्तिकापात्रच वापरलेले असते. उघड्यावरच्या माठातील पाणी थंड होते तेही याच छिद्रांमुळे. फरक एवढाच की, तेथे पाझरलेल्या पाण्याचे बाष्पीभवन होते आणि पुरलेल्या मडक्यातील पाणी मुळांकडे जाते. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी नावाजलेले आहे; परंतु धातूच्या भांड्यातून पाणी पाझरत नसल्याने या कामी कुंभाराचे साधे, झिलई न दिलेले मडकेच लागते.

प्रकार : (१) घट-कुंडी : मोठ्या कुंडीच्या मध्यभागी लहान मडके पुरलेले असते. (२) दुहेरी कुंडी : झाड लावलेली सच्छिद्र मातीची कुंडी दुसऱ्या मोठ्या, न पाझरणाऱ्या भांड्यात ठेवून मधल्या जागेत वाळू भरतात व ती ओली ठेवतात. (३) वात-कुंडी : कुंडीच्या तळछिद्रातून एक वात खालच्या पाण्याच्या भांड्यात सोडलेली असते. (४) तळटाकी कुंडी : एकाच भांड्यात खाली पाणी व वर माती असून दोहोंना मातीचा स्तंभ जोडतो. पाण्याने भरलेली बाटली मातीत उलटी खोचण्याचा उपायही रूढ आहे. त्यात मातीतून बाटलीत हवा शिरेल तेव्हाच पाणी बाहेर येते. माती सैल असल्यास बाटली काही तासांत रिकामी होते व तोंड चिखलाने बुजल्यास पाणी मुळीच येत नाही. म्हणून हा उपाय भरवशाचा नाही.

पाण्याचा हिशेब : साठा किती दिवस पुरेल हे आधी ठरवून मगच कुंडीची मापे निश्चित करावीत. मातीच्या पृष्ठावरील बाष्पीभवन व पानांतून होणारा बाष्पोच्छ्वास मिळून होणारा व्यय मिमी. मध्ये मोजतात. १ चौ. मी. क्षेत्रावर १ मिमी. म्हणजे १ लि. पाणी होय. भर उन्हाळ्यात उघड्यावरील, पाने भरलेल्या झाडासाठी हा व्यय दररोज ८ मिमी. व हिवाळ्यात ३ मिमी. धरल्यास ४० सेंमी. व्यासाच्या कुंडीस (क्षेत्रफळ सु. ०.१२५ चौ. मी.) उन्हाळ्यात रोज सु. १ लि. आणि हिवाळ्यात सु. ०.४ लि. पाणी लागेल. म्हणजे तीत पुरलेले ३ लि.चे मडके मे महिन्यात तीन दिवस व डिसेंबरात आठवडाभर पुरेल. आठ दिवसांसाठी गावाला जाताना मे महिन्यात एवढ्या मडक्यावर विसंबणे चुकीचे ठरेल.

तळटाकीच्या कुंडीस याहून सोपा नियम लागू पडतो. भांड्याच्या बाजू सरळ असतील, तर टाकीतील पाण्याची खोली मिमी. मध्ये घेऊन तिला दैनिक व्ययाने भागावे. येणारी संख्या म्हणजे दिवस. १०० मिमी. खोलीस ८ ने भागले असता साडेबारा दिवस येतात. आधारासाठी व स्तंभासाठी गेलेली जागा वजा करता नऊ-दहा दिवस धरावेत. झाडाचा घेर कुंडीबाहेर पसरला असेल, तर व्यय त्या प्रमाणात वाढतो. दुपारी सावली मिळेल अशा जागी कुंडी हलविल्यास व मातीवर तणसाचे आच्छादन दिल्यास तो बराच घटतो.

घट-कुंडी तयार करण्याची कृती : ४० सेंमी. व्यासाची व ३५ सेंमी. खोलीची, तळाला छिद्रे असलेली कुंडी आणि सु. ३ लि.चे, अरुंद तोंडाचे मडके घ्यावे. मडक्यास रंग अथवा झिलई नसावी. ते पाण्याने भरून सावलीत ठेवावे. काही तासांत त्याची बाहेरची बाजू सर्वत्र दमट झाली, तर ते योग्य समजावे. दुसऱ्या दिवशीही कोरडीच राहिली, तर पाझर अपुरा आहे. एखाद्या जागी थेंब धरून ओघळ आला, तर तेथे तडा आहे. अनेक मडक्यांतून निवड करावयाची असल्यास सर्व काठोकाठ भरून, २४ तासांनी ती पुन्हा भरण्यास किती पाणी लागते ते मापाने पाहावे. कुंभाराकडून मुद्दाम मडकी करवून घेतल्यास मळलेल्या मातीत बारीक चाळलेले भाताचे तूस मिसळण्यास सांगावे. भाजताना तूस जळून जाते व त्याच्या जागी छिद्रे राहतात. तुसाचे प्रमाण वाढल्यास पाझर वाढतो, पण मडके ठिसूळ होते.

कुंडीच्या तळछिद्रांवर खापऱ्या ठेवून १० सेंमी. मिश्रमाती भरावी. तीवर मडके ठेवून सभोवती माती थराथराने घालून हाताने दाबावी. मडक्याची भिंत व माती यांत पोकळी राहिल्यास केशाकर्षणाचा दुवा तुटतो. मडक्याचे तोंड मातीच्या वर २ सेंमी. असावे व त्यावर परळ झाकावा. रोपे मडक्यापासून ५ ते ८ सेंमी. अंतरावर लावावीत. प्रारंभी माती वरून पाणी घालून पूर्ण भिजवावी आणि त्यानंतरच मडके भरावे. मडके अर्धे रिकामे झाले की पुन्हा भरावे. पाण्याची पातळी खाली गेल्यावर पाझरणारी भिंतच कमी उरते.

वात-कुंडी : १५ ते २० सेंमी. व्यासाच्या लहान कुंड्यांस ही रचना सोयीची आहे. सुती वात पाणी उत्तम ओढते, परंतु ओल्या मातीत काही महिन्यांत कुजते. नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची विणलेली दोरी टिकते. ती नवी असताना साबणाच्या पाण्याने धुऊन तेलकटपणा घालवावा व बसविण्यापूर्वी भिजवून घ्यावी. वातीचे वरचे टोक मातीच्या निम्म्या उंचीपर्यंत न्यावे व तेथे तिचे पदर मोकळे करून पसरावेत. पाण्याची पातळी व कुंडीचा तळ यांतील अंतर १५ सेंमी.हून अधिक असू नये. उंची वाढते तसा वातीचा पुरवठा घटतो. मोठ्या झाडास दोन किंवा तीन वाती लागतात.

तळटाकी कुंडी : रंगाची रिकामी, स्वच्छ धुतलेली, सु. ३० सेंमी. व्यासाची व ३५ सेंमी. उंचीची बादली घ्यावी. तळापासून १० सेंमी. उंचीवर बाजूस ८ मिमी. व्यासाचे निर्गम छिद्र पाडून त्यास बारीक जाळी लावावी. १२ सेंमी. उंचीची तीन मजबूत बोळकी किंवा नळाचे तुकडे तळाशी उभे करून त्यांवर ५ मिमी.ची अनेक छिद्रे पाडलेली गोल चकती बसवावी. चकती व पाणी यांमध्ये २ सेंमी. हवेचा थर राहतो. तो मुळांच्या श्वसनासाठी आवश्यक असतो. चकतीच्या मध्यभागी १० सेंमी. व्यासाचा, सर्व बाजूंनी छिद्रे पाडलेला डबा तळापर्यंत सोडावा व तो ओलसर मिश्रमातीने दाबून भरावा. हाच पाणी वर नेणारा स्तंभ होय. कडेला २५ मिमी. व्यासाची नळी चकतीतून तळापर्यंत घालावी. तिचे खालचे टोक तिरके कापावे, म्हणजे ते तळाला चिकटून बंद होत नाही. नळीच्या वरच्या तोंडास टोपण असावे. चकतीवर २० ते २२ सेंमी. माती भरून रोप लावावे, एकदा वरून भरपूर पाणी द्यावे आणि पुढे नळीतून निर्गम छिद्रातून पाणी वाहू लागेपर्यंत टाकी भरावी. पाण्याची पातळी नळीत काडी घालून पाहता येते.

मिश्रमाती : जिल्ह्यातील कन्हार ही काळी, भारी जमीन ओल धरते, पण वाळली की आकसून भेगाळते व मडक्यापासून सुटते. सिहार ही रेताड जमीन मोकळी असते, मात्र तिच्यात पाणी आडवे फार दूर पसरत नाही. या दोहोंपैकी कोणतीही एकटी न वापरता माती, कुजलेले शेणखत अथवा कंपोस्ट आणि अर्धवट जाळलेले भाताचे काळे तूस समप्रमाणात घ्यावीत. माती भारी असल्यास थोडी बारीक वाळू मिसळावी. भातगिरण्यांमुळे तूस जिल्ह्यात मुबलक मिळते. कच्चे तूस पाणी नीट धरीत नाही. काळे केलेले तूस हलके, सच्छिद्र व टिकाऊ असते.

निगा व दोष : (१) पाणी खालून वर चढत असल्याने त्यातील क्षार मातीच्या पृष्ठावर साचून पांढरा थर येतो. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा वरून भरपूर पाणी ओतून ते निर्गम छिद्रातून वाहू द्यावे. (२) क्षार व गाळ यांनी मडक्याची छिद्रे कालांतराने बुजतात. पाझर मंदावल्यास मडके काढून आतबाहेर काथ्याने घासावे व उन्हात वाळवावे. त्याने फरक न पडल्यास बदलावे. (३) तांदूळ धुतलेले पाणी झाडांना घालण्याची घरोघरी चाल आहे. ते मातीवर घालण्यास हरकत नाही. मडक्यात अथवा टाकीत मात्र घालू नये. त्यातील पिठूळ अंशाने छिद्रे बुजतात व साठलेले पाणी आंबून दुर्गंधी सुटते. रासायनिक खतेही साठ्यात टाकू नयेत. (४) पावसाळ्यात साठा भरू नये. संततधार पावसात निर्गम छिद्र बंद झाल्यास एका रात्रीत मुळे बुडतात. (५) माती एकदा पूर्ण वाळली की केशाकर्षणाचा दुवा तुटतो. अशा वेळी टाकी भरूनही झाड सुकते. वरून पाणी देऊन सुरुवात पुन्हा करावी लागते.

डासांचा धोका : स्वच्छ, साठलेले पाणी ही डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासाची आवडती जागा आहे. उष्ण हवेत अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास होण्यास साधारणतः आठ ते दहा दिवस लागतात आणि अंडी कोरड्या भांड्यालाही दीर्घकाळ चिकटून राहतात. ज्या साठ्यात पाणी दहा दिवस टिकते, त्यात डासाची एक पिढी तयार होऊ शकते, हे ध्यानात ठेवावे. म्हणून परळाखाली पातळ कापड बांधणे, नळीला टोपण लावणे व निर्गम छिद्रावर जाळी बसविणे या गोष्टी ऐच्छिक समजू नयेत. वात-कुंडीचे खालचे भांडेही झाकलेले असावे. उघडे राहणारे भांडे आठवड्यातून एकदा रिकामे करून, आतून घासून कोरडे करावे.

योग्य व अयोग्य झाडे : टोमॅटो, वांगी, मिरची, पुदिना, पालक, कोथिंबीर (स्थानिक नाव सांबार), नेचे व मनी प्लँट यांना सतत ओलावा मानवतो. कोथिंबीर, पालक यांचे बी पेरल्यास ते उगवेपर्यंत वरूनच पाणी शिंपडावे. कारण या कुंडीत वरचा थर कोरडा राहतो. हाच कोरडा थर पुढे बाष्पीभवनास आळा घालतो व तणही कमी उगवू देतो. कोरफड, निवडुंग व इतर मांसल वनस्पतींना दोन पाण्यांमध्ये माती वाळावी लागते. त्यांची मुळे या कुंडीत कुजतात. तुळशीसाठी घट-कुंडी चालते, परंतु हिवाळ्यात मडके काही दिवस रिकामे ठेवणे हिताचे असते.

कुंडीबाहेरील उपयोग : हीच योजना नव्याने लावलेल्या फळझाडांना लागू पडते. आंबा, लिंबू, पेरू यांच्या कलमांची खरी परीक्षा पहिल्या दोन उन्हाळ्यांत होते. प्रत्येक कलमाजवळ, खोडापासून सु. ३० सेंमी. अंतरावर ५ ते १० लि.ची दोन मडकी पुरून ती तीन-चार दिवसांनी भरल्यास पाणी थेट मुळांच्या पातळीवर मिळते. आळ्यातून उडून जाणारे पाणी वाचते. कन्हार जमिनीत मडक्याभोवती मिश्रमातीचा जाड थर द्यावा, म्हणजे भेगांमुळे दुवा तुटत नाही. मूळ खोल गेल्यावर मडकी काढून दुसऱ्या कलमांस वापरता येतात. मोठ्या क्षेत्रावर मात्र मडकी पुरण्याचे व हाताने भरण्याचे श्रम फार होतात. तेथे ठिबक सिंचन अधिक सोयीचे असते. ही पद्धत झाडाची पाण्याची गरज कमी करीत नाही. ती केवळ पाण्याचा अपव्यय टाळते व पाणी देण्याच्या वेळा दूर दूर नेते. परसातील आठ-दहा झाडे आणि डोक्यावरून आणलेली एक घागर, एवढाच व्याप असलेल्या घरी तेवढा लाभ पुरेसा असतो.